लाल, पांढरा, निळा आणि चौकडी

२०२६ हे अमेरिकेच्या स्वातंत्र्याचे अडीचशेवे वर्ष. अशा वर्षात तिथली माणसे अंगावर काय काय चढवतील याची कल्पना करायला फार डोके लागत नाही. टोपीवर तारे, टायवर पट्टे, मोज्यांवर दोन्ही. पण त्या देशात एक मंडळी अशी आहे, जिच्यापुढे हा प्रश्न जरा वेगळ्या तऱ्हेने उभा राहतो. ही मंडळी म्हणजे किल्ट नेसणारे अमेरिकन. (किल्ट ‘घालतात’ की ‘नेसतात’? कमरेभोवती गुंडाळायचे, मागे निऱ्या असलेले वस्त्र आहे, तेव्हा मी आपला नेसतात असेच म्हणणार.)

यांचे वाडवडील कधी काळी स्कॉटलंडमधून किंवा उत्तर आयर्लंडमधून आले. नातवंडे-पतवंडे अस्सल अमेरिकन झाली, पण लग्नात, खेळांच्या मेळाव्यात, पाइप बँडमध्ये किल्ट टिकला. आता यातल्या एखाद्याला चार जुलैला आपल्या देशाच्या नावाने किल्ट नेसायचा आहे. चौकडी कोणती निवडावी? आडनावाची? राज्याची? एखाद्या पलटणीची? की सरळ झेंड्याच्या तीन रंगांची?

वरवर पाहता हा शिंप्याच्या दुकानातला प्रश्न आहे. पण धागा ओढायला लागलो की तो कुठच्या कुठे जातो, आणि गोव्यातल्या वाचकाला तर वस्त्र आणि सत्ता यांचे नाते समजावून सांगायची गरजच नाही. म्हणून आज या चौकडीची गोष्ट.

टार्टन म्हणजे कुठलीही चौकडी नव्हे, हे आधी सांगायला हवे. चौकडी आपल्या लुंगीला असते, कुणबी कापडाला असते. टार्टनची खूण अशी की उभ्या धाग्यांत रंगांचा जो क्रम आणि प्रत्येक रंगाचे जितके धागे, बहुतेक करून तोच क्रम आणि तितकेच धागे आडव्यात. शिवाय हा क्रम एका टोकापर्यंत जातो, तिथून आरशात पाहावे तसा उलटा परततो, आणि असाच पुढेमागे होत कापडभर पसरतो. या क्रमाला विणकर ‘सेट’ म्हणतात. वीण तिरकी, दोन धाग्यांच्या वरून आणि दोन धाग्यांच्या खालून जाणारी. एवढे नियम पाळले की झाले टार्टन. बाकी कुळ, सरदार, शौर्य वगैरे सारे या धाग्यांवर माणसांनी नंतर चढवलेले.

यातली खरी गंमत रंगांच्या मिश्रणाची आहे. लाल उभा धागा लाल आडव्या धाग्याला भेटला तर लालभडक चौकोन होतो. पण लाल उभा पांढऱ्या आडव्याला भेटला की डोळ्यांना दिसतो तो गुलाबी. तीन रंग घेतले तर तीन शुद्ध आणि तीन मिश्र, एकूण सहा छटा कापडावर उतरतात. आता अमेरिकेच्या झेंड्याचे रंग घ्या. लाल-पांढऱ्याचा गुलाबी, निळ्या-पांढऱ्याचा फिकट आभाळी, लाल-निळ्याचा जांभळा. क्रांतीचे स्मारक करायला बसावे आणि मागावरून बाळाचे झबले उतरावे, अशी गत! म्हणून जाणता कारागीर पांढऱ्याला आवरतो. त्याच्या बारीक रेघा ठेवतो, जमीन गडद निळी धरतो, आणि लाल व पांढरा यांच्यामध्ये निळ्याचा बांध घालतो. रुंद लाल, रुंद पांढरा, रुंद निळा असे समसमान पट्टे घेतलेली जी देशभक्त टार्टने दिसतात ती मला टेबलक्लॉथसारखी वाटतात. पण ही आवडीनिवडीची बाब झाली.

तारे तर विणताच येत नाहीत. मागाला रेघ कळते, तारा कळत नाही. तेव्हा अर्थ भरायचा तो आकड्यांत. मूळच्या वसाहती तेरा म्हणून तेरा, आजची राज्ये पन्नास म्हणून पन्नास. इथेही विणकर कुरकुरतो, कारण धोटा जातो आणि परत येतो, त्यामुळे जोडीने, सम संख्येत धागे घालणे त्याला सोयीचे असते. तेरा हा विषम आकडा. मग धाग्यांऐवजी पट्टे मोजायचे, किंवा सात लाल आणि सहा पांढऱ्या अशा रेघा कुठेतरी बसवायच्या. ज्याला माहीत आहे त्यालाच हा हिशेब दिसतो. इतरांना चौकडी दिसते.

मग सरळ झेंड्याचेच कापड का नेसू नये? तर अमेरिकेची ध्वजसंहिता तसे करू नका म्हणते. १९२३ साली वॉशिंग्टनला भरलेल्या परिषदेत ही संहिता तयार झाली, १९४२ साली काँग्रेसने ती कायद्यात आणली. झेंडा वस्त्र म्हणून, अंथरूण-पांघरूण म्हणून किंवा पडदा म्हणून वापरू नये, असे तीत स्पष्ट म्हटले आहे. मोडली तर शिक्षा नाही, आणि १९८९ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने झेंडा जाळण्यालाही अभिव्यक्तीचे संरक्षण दिले. त्यामुळे समुद्रकिनाऱ्यावर लोक झेंड्याच्या चड्ड्या घालून खुशाल हिंडतात. पण ज्याला हे खटकते, माजी सैनिकांना तर हमखास खटकते, त्याच्यासाठी टार्टन ही चांगली पळवाट आहे. झेंडा नेसला नाही, झेंड्याचा रंग मात्र नेसला.

पण एक पंचाईत उरतेच. हेच तीन रंग फ्रान्सचे आहेत, नेदरलँड्सचे आहेत, आणि मुख्य म्हणजे ज्याच्याविरुद्ध लढून हा देश झाला त्या ब्रिटनचेही आहेत. दहा पावलांवरून पाहणाऱ्याला अमेरिकन देशभक्ताचा किल्ट युनियन जॅकची चौकडी वाटला तर दोष कोणाचा?

आणि इथे खरा इतिहास सुरू होतो. कारण अमेरिकन क्रांतीत टार्टन बहुतांशी राजाच्या बाजूला होते.

१६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या माळावर प्रिन्स चार्ल्स स्टुअर्टच्या हायलँडर सैन्याचा धुव्वा उडाला. लंडनच्या सरकारने त्याच वर्षी पहाडी पोशाखावर बंदी घालणारा कायदा केला. पुरुषांनी आणि मुलग्यांनी किल्ट, प्लेड वगैरे वापरायचे नाही. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद, दुसऱ्याला सात वर्षे समुद्रापार हद्दपारी. हा कायदा १७८२ पर्यंत टिकला.

इथे गोव्याच्या वाचकाला काहीतरी आठवल्याशिवाय राहणार नाही. बरोबर दहा वर्षे आधी, १४ एप्रिल १७३६ च्या आज्ञापत्राने आपल्याकडच्या इन्क्विझिशनने ख्रिस्ती गोमंतकीयांच्या कितीतरी चालीरीतींवर बंदी आणली होती. तीत पुरुषांचे पुडवें होते, बायकांची चोळी होती. अ. का. प्रियोळकरांनी इन्क्विझिशनवरच्या आपल्या ग्रंथात हे आज्ञापत्र दिले आहे. दोन सत्तांचा एकमेकींशी काही संबंध नाही, धर्म वेगळा, हेतू वेगळा. पण माणूस आपला व्हायला हवा असेल तर आधी त्याच्या कमरेचे वस्त्र सोडवा, हा हिशेब दोघींनी सारखाच केला.

स्कॉटलंडच्या कायद्यात मात्र एक फट मुद्दाम ठेवली होती. राजाच्या सैन्यात असलेल्यांना बंदी लागू नव्हती. म्हणजे ज्या हायलँडरला आपला किल्ट नेसायचा होता त्याच्यासमोर एकच राजरस्ता होता, तो म्हणजे ज्याने बंदी घातली त्याच्याच पलटणीत भरती होणे. ब्लॅक वॉच ही १७३९ साली उभी झालेली त्यांची सर्वांत जुनी पलटण. निळ्या, हिरव्या, काळ्या रंगाच्या त्या गडद चौकडीला ‘सरकारी टार्टन’ असेच नाव आहे. या पहाडी पलटणी मग साम्राज्यासाठी जगभर फिरल्या. मराठी इतिहासातही त्या भेटतात. २३ सप्टेंबर १८०३ ला असईच्या रणात शिंदे आणि भोसले यांच्या फौजांसमोर वेलस्लीने ज्यांच्या जोरावर बाजी मारली त्यांत ७४ वी आणि ७८ वी या दोन हायलँडर पलटणी होत्या. पैकी ७४ वीची आपल्या तोफखान्याने पार चाळण केली होती.

अमेरिकेत ब्लॅक वॉच त्याही आधी पोचली. फ्रेंचांविरुद्ध १७५८ साली टिकोन्डरोगाच्या किल्ल्यापुढे तिची निम्म्याहून जास्त माणसे एका दिवसात पडली वा जखमी झाली. आणि १७७६ साली ती परत आली ती जॉर्ज वॉशिंग्टनच्या सैन्याशी लढायला. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर, मग हार्लेम हाइट्सवर. आज अमेरिकेत कुणालाही चालणारे, कुठल्याही कुळाशी न बांधलेले म्हणून जे टार्टन सर्वांत जास्त सुचवले जाते ते हेच ब्लॅक वॉच. चार जुलैला ते नेसून मिरवणुकीत चालणाऱ्याला यातला विनोद माहीत असतो की नाही, कोण जाणे.

पलटणींचे सोडा, स्थायिक झालेल्यांची कथा त्याहून गुंतागुंतीची. नॉर्थ कॅरोलायनात केप फियर नदीच्या खोऱ्यात हजारो हायलँडर येऊन वसले होते. यातल्या कित्येकांचे बापचुलते कलोडनला इंग्रज राजाविरुद्ध लढलेले. क्रांती पेटली तेव्हा हे लोक आनंदाने बंडखोरांना मिळतील असे वाटावे. घडले उलटेच. २७ फेब्रुवारी १७७६ ला मूर्स क्रीकच्या पुलावर ते राजा जॉर्जचा जयजयकार करत, उपसलेल्या तलवारींनिशी चालून गेले. पलीकडच्या अमेरिकनांनी पुलाच्या फळ्या रातोरात काढून उरलेल्या तुळयांना चरबी फासून ठेवली होती. काही मिनिटांत खेळ आटोपला. शेकडो पकडले गेले. पकडलेल्यांत अ‍ॅलन मॅकडोनल्ड होता, म्हणजे फ्लोरा मॅकडोनल्डचा नवरा. हीच ती फ्लोरा, जिने तीस वर्षांपूर्वी पराभूत प्रिन्स चार्ल्सला दासीच्या वेषात होडीतून पळवून नेऊन वाचवले होते. राजाविरुद्धच्या बंडाची नायिका म्हणून साऱ्या स्कॉटलंडने जिला डोक्यावर घेतले, तिचे घरदार अमेरिकेत राजाची बाजू घेतल्यामुळे गेले. ती स्कॉटलंडला परतली आणि १७९० साली तिथेच वारली.

का वागले हे लोक असे? कारणे अनेक सांगतात. राजाला दिलेली शपथ, त्याच्याकडून मिळालेल्या किंवा मिळणार असलेल्या जमिनी, आणि एकदा हरलेल्या माणसाला पुन्हा हरणाऱ्याची बाजू घ्यायची वाटणारी भीती. मला शेवटचे कारण जास्त पटते.

दुसऱ्या बाजूलाही स्कॉट होतेच. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांत जॉन विदरस्पून आणि जेम्स विल्सन हे दोघे स्कॉटलंडमध्ये जन्मलेले. आरमाराचा वीर जॉन पॉल जोन्स तिथलाच. आणि ह्यू मर्सर तर कलोडनला प्रिन्स चार्ल्सच्या सैन्यात शल्यवैद्याचा मदतनीस होता. तो अमेरिकेत पळून आला, वॉशिंग्टनचा सेनानी झाला आणि १७७७ च्या जानेवारीत प्रिन्स्टनच्या लढाईत जखमी होऊन मेला. देशभक्त अमेरिकन टार्टनला एखादा मूळ पुरुष हवाच असेल तर माझे मत मर्सरला. पण वॉशिंग्टनचा सेनापती म्हणून तो काही किल्ट नेसून लढला नाही.

आता ‘आडनावाचे टार्टन’ या प्रकाराबद्दल दोन शब्द. हे प्रकरण आपल्याला वाटते तितके जुने नाही. चौकडी जुनी आहे. फॉल्कर्कला रोमन नाण्यांच्या मडक्यात सापडलेला चौकडीचा तुकडा तिसऱ्या शतकातला मानतात, आणि ग्लेन अ‍ॅफ्रिकच्या दलदलीत मिळालेले टार्टन साधारण १५०० ते १६०० या काळातले असल्याचे २०२३ साली जाहीर झाले. पण अमुक चौकडी म्हणजे अमुक कुळ ही सांगड एकोणिसाव्या शतकातली. १८१५ साली लंडनच्या हायलँड सोसायटीने कुळांच्या सरदारांना आपापले टार्टन पाठवायला सांगितले. १८२२ साली चौथा जॉर्ज एडिंबरोला आला, तेव्हा वॉल्टर स्कॉटने असा थाट उडवून दिला की सगळ्यांना एकदम टार्टन हवे झाले. बॅनकबर्नच्या विल्सन यांचा माग रात्रंदिवस धडधडू लागला. पुढे १८४२ साली सोबिएस्की स्टुअर्ट म्हणवणाऱ्या दोघा भावांनी जुन्या हस्तलिखिताच्या आधारे म्हणून कुळांच्या टार्टनांचा एक भव्य ग्रंथच काढला. हस्तलिखित बनावट होते. त्यातली कित्येक टार्टने आज मोठ्या निष्ठेने नेसली जातात. दोनशे वर्षे नेसले की खोटेही जुने होते.

म्हणजे अमेरिकनाने नवे देशभक्त टार्टन काढले तर ‘हे नकली आहे’ म्हणून नाक मुरडायचा अधिकार स्कॉटलंडमध्येही फारसा कुणाला नाही.

अमेरिकेच्या बाजूने, अमेरिकेच्या झेंड्याखाली टार्टन ठळकपणे रणात उतरले ते यादवी युद्धात. न्यूयॉर्कच्या स्कॉट मंडळींनी १८५९ साली ७९ वी पलटण उभारली. आकडाही ब्रिटनच्या ७९ व्या कॅमेरॉन हायलँडर्सचा उचललेला, आणि टार्टनही त्यांचेच. संचलनाला किल्ट, लढाईला बहुतेकांच्या अंगात चौकडीच्या विजारी किंवा साधा निळा गणवेश. त्यांचा कर्नल जेम्स कॅमेरॉन २१ जुलै १८६१ ला बुल रनच्या लढाईत पडला. तो लिंकनच्या युद्धमंत्र्याचा भाऊ.

याच पलटणीत अलेक्झांडर कॅम्बेल नावाचा स्कॉटलंडहून आलेला तरुण होता. त्याचा भाऊ जेम्स दक्षिणेत चार्ल्सटनला स्थायिक झालेला आणि तिथल्या सैन्यात भरती झालेला. १६ जून १८६२ ला सेसेशनव्हिलच्या लढाईत ७९ वीने मातीच्या ज्या तटावर हल्ला केला, त्या तटाच्या आत जेम्स होता. चालून येणाऱ्या पलटणीचा झेंडा अलेक्झांडरच्या हाती होता. दोघांना एकमेकांचा पत्ता लढाईनंतर लागला. जेम्सला तो पकडलेल्या कैद्यांकडून कळला. मग त्याने भावाला पत्र लिहिले. ही पत्रे शिल्लक आहेत आणि १९९९ साली पुस्तकरूपाने आली. पुढे अलेक्झांडर दुसऱ्या लढाईत जखमी झाला, जेम्स फोर्ट वॅगनरपाशी कैद झाला, पण दोघेही जगले. कॅम्बेल घराण्याला टार्टन एकच. देश मात्र त्या दिवशी दोन होते.

दक्षिणेत या साऱ्याला पुढे एक काळा पदर जडला, तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. टॉमस डिक्सनने १९०५ साली ‘द क्लान्समन’ ही कादंबरी लिहून कू क्लक्स क्लॅनला स्कॉटिश कुळांचा मुलामा चढवला. लढाईची हाक देण्यासाठी पेटता क्रूस फिरवायची पहाडी रूढी त्याने तीत घातली. १९१५ साली त्यावर ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ हा चित्रपट निघाला आणि त्यानंतरच्या नव्या क्लॅनने क्रूस जाळणे खरोखरीच सुरू केले. वंशाच्या अभिमानाची चौकडी आणि देशभक्तीची चौकडी एकच नव्हे, हे अमेरिकेत निवड करणाऱ्याला माहीत असलेले बरे. टार्टन ‘आमच्या रक्ताच्यांचे’ म्हणून नेसायचे की ‘या भूमीवर राहणाऱ्या सर्वांचे’ म्हणून, यावर सगळे अवलंबून आहे.

विसाव्या शतकात कथा निवळत गेली. १३ नोव्हेंबर १९६३ ला ब्लॅक वॉचच्या वादकांनी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर कार्यक्रम केला. अध्यक्ष केनेडी सहकुटुंब हजर होते. बाराच दिवसांनी, २५ नोव्हेंबरला, त्याच पलटणीचे नऊ पायपर केनेडींच्या अंत्ययात्रेत चालले, त्यांच्या पत्नीच्या इच्छेवरून. ब्लॅक वॉचच्या पायपरांचे किल्ट सरकारी टार्टनचे नसतात, ते लाल रॉयल स्टुअर्टचे, म्हणजे राजघराण्याच्या टार्टनचे असतात. वॉशिंग्टनच्या सैन्यावर चालून गेलेली पलटण, तिच्या अंगावर राजाची चौकडी, आणि शोक अमेरिकेच्या अध्यक्षाचा. ती दृश्ये पाहिलेल्या कुणाही अमेरिकनाला त्या लाल चौकडीत शत्रू दिसला नसणार.

त्याच सुमारास, १९६४ साली, अमेरिकन आरमारासाठी ‘पोलॅरिस’ टार्टन निघाले. स्कॉटलंडच्या होली लॉकमध्ये १९६१ पासून त्यांच्या अणुपाणबुड्यांचा तळ होता, तो १९९२ पर्यंत राहिला. मग १९८० च्या दशकात एड्झेलच्या तळावरून ‘एड्झेल’ टार्टन आले, आरमाराचे म्हणून तेही चालते. १९७६ च्या द्विशताब्दीचेही टार्टन निघाले. आणि मधल्या काळात, नोव्हेंबर १९६९ मध्ये, अपोलो १२ चा अ‍ॅलन बीन आपल्या मॅकबीन कुळाचा तुकडा घेऊन चक्क चंद्रावर उतरून आला. झेंडा चंद्रावर राहिला, टार्टन घरी परतले.

सरकारनेही दखल घेतली. १९९८ साली सिनेटने ६ एप्रिल हा टार्टन दिन ठरवला. १३२० सालच्या याच तारखेच्या आरब्रोथच्या जाहीरनाम्यावर अमेरिकेचा जाहीरनामा बेतलेला आहे असे त्या ठरावात म्हटले आहे. इतिहासकारांना हे फारसे मान्य नाही. सिनेटला इतिहासात नापास करता येत नाही, एवढेच. मात्र टार्टनला दिवस मिळाला तरी संपूर्ण देशाचे असे अधिकृत टार्टन काँग्रेसने आजवर ठरवलेले नाही. कॅनडाने ते केले. तिथले ‘मेपल लीफ’ टार्टन डेव्हिड वाइझरने १९६४ साली काढले आणि २०११ मध्ये ते राष्ट्रचिन्ह झाले. त्यात मेपलच्या पानाचे ऋतूंप्रमाणे बदलणारे हिरवे, सोनेरी, लाल, तपकिरी रंग आहेत.

मला विचाराल तर अमेरिकनांचे सर्वांत चांगले देशभक्त टार्टन त्यांच्या राज्यांकडे आहे. टेक्सासने १९८९ साली घेतलेले टार्टन ब्लूबॉनेट नावाच्या रानफुलाचे. वॉशिंग्टन राज्याचे १९९१ चे टार्टन तर भूगोलाचे पुस्तकच. हिरवा अरण्यांचा, निळा पाण्याचा, पांढरा बर्फाच्या शिखरांचा, लाल सफरचंदांचा आणि चेरींचा, पिवळा गव्हाचा, आणि काळा १९८० साली फुटलेल्या सेंट हेलन्स ज्वालामुखीच्या राखेचा. कॅलिफोर्नियाने २००१ साली निसर्गप्रेमी जॉन म्यूर यांच्या घराण्याच्या टार्टनवरून आपले बेतले, आणि राज्यातला कोणीही रहिवासी ते आपले म्हणू शकतो असे कायद्यातच लिहून टाकले. आडनाव गार्सिया असो, चेन असो वा कुलकर्णी. मला वाटते, १७७६ च्या जाहीरनाम्याच्या जास्तीत जास्त जवळ जाणारी चौकडी हीच. तिच्यात झेंड्याचा आकडा नाही, तारा नाही.

तरीही चार जुलैला कुणाला तीन रंगच हवे असतील तर त्यात वाईट काही नाही. अट एकच, ते टार्टन कुणाच्या परवानगीचे आहे का ते आधी पाहावे. २००९ पासून स्कॉटलंडमध्ये टार्टनांची सरकारी नोंदवही आहे आणि तीत प्रत्येकाची धागेमोड, नाव, अटी पाहता येतात. काही टार्टने राखीव असतात. बालमोरल तर राजघराण्यापुरतेच.

मग उरतात निऱ्या. किल्टला साधारण आठ वार कापड लागते, ते बहुतेक सगळे मागच्या निऱ्यांत जाते. समोर सपाट पदर, त्यावर पूर्ण चौकडी दिसते. मागे मात्र दोन पद्धती. एकीत निऱ्या अशा घालतात की दुमडल्यावरही पूर्ण चौकडी सलग दिसावी. दुसरीत एकच रेघ निवडायची आणि ती प्रत्येक निरीच्या मधोमध आणायची. पलटणींची रीत ही दुसरी. तीन रंगांच्या टार्टनला ही रीत वापरली आणि लाल रेघ निवडली तर मागून झेंड्याचे पट्टे दिसतात. निळी निवडली तर मागची बाजू जवळजवळ एकरंगी, शांत दिसते, आणि माणूस चालू लागला, निऱ्या उघडल्या, की आतला लाल-पांढरा क्षणभर चमकून जातो. मी निळी निवडली असती. शिंपी हा प्रश्न मापे घेतानाच विचारतो, कारण एकदा निऱ्या टाचल्या की मत बदलायला आठही वार उसवावे लागतात.